जुन्या गाडीचे चाक

मंडळी, आपल्याकडे मोटारीचे जादा चाक कोणी 'जादा चाक' म्हणून मागत नाही. "स्टेपनी काढ रे," असेच म्हणतात. निलंग्याच्या स्टँडवर म्हणा की औराद शहाजानीच्या बाजारात म्हणा, शब्द तोच. हा शब्द आला कुठून, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. तो एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. वेल्स देशात लानेली नावाचे गाव आहे. तेथील स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली एक युक्ती काढली. त्या काळी मोटारीची चाके लाकडी आऱ्यांची आणि सहज न निघणारी असत. वाटेत टायर फुटला की भर रस्त्यात बसून तो उतरवायचा, शिवायचा आणि पुन्हा चढवायचा. डेव्हिस बंधूंनी हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक लोखंडी कडी तयार केली. फुटलेल्या चाकाला ती बाहेरून आवळून बांधायची आणि घर गाठायचे. म्हणजे चाक बदलायचे नाही, चाकालाच चाक बांधायचे! ती कडी केव्हाच मोडीत गेली. तिचे नाव मात्र आपल्या बोलीत राहिले.

आता समजा, तुमच्या शेतावर एक जुनी जीप उभी आहे. वडिलांनी घेतलेली, इंजिन अजून धडधाकट. पण एका चाकाची रिम गंजून तडकली आहे, आणि तसले चाक दुकानात मिळत नाही. मग कोणाचे चाक बसेल? 'गोल आहे, भोके जुळतात, बसव' असे म्हणून भागेल काय? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जाऊन चाकांचा इतिहास पाहावा लागतो.

आपल्या बैलगाडीचे चाक आठवा. मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर लोखंडाची धाव. सुतार लाकडाचे काम करी. लोहार शेणीच्या जाळात धाव लाल करून चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. थंड होताना लोखंड आकसे आणि सारे चाक एकजीव होई. आरा मोडला तर तोच सुतार त्या गाडीचा, त्याच मापाचा आरा घडवून देई. माप कागदावर नव्हते, त्याच्या हातात होते. चाक एका गाडीसाठी जन्माला येई, आणि त्याचा घडवणारा हाकेच्या अंतरावर असे.

तरीही एक माप साऱ्या शिवाराला पाळावे लागे. ते म्हणजे दोन चाकांतील अंतर. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकोरी पडते, हे तुम्हांला सांगायला नको. ज्याच्या गाडीची चाके त्या चाकोरीत बसत नाहीत, त्याचे एक चाक खाली आणि एक वर, आणि बैलांच्या मानेचे हाल! चाक नुसते गाडीला बसून भागत नाही. ते वाटेलाही बसावे लागते.

हाच धडा आपल्या मुलखाला आगगाडीने पुन्हा शिकवला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ साली लातूरपर्यंत आली. तिच्या रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. कुर्डुवाडीच्या मोठ्या लाईनचे अंतर मात्र साडेपाच फूट. लातूरच्या बाजारातले पोते मुंबईला जायचे तर कुर्डुवाडीला एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावे लागे, कारण एका रुळावरचे चाक दुसऱ्या रुळावर चालत नव्हते. दोन्ही चाके उत्तम, दोन्ही लोखंडाची. पण त्यांच्यात मापाचा करार नव्हता. हा मार्ग रुंद व्हायला २००८ साल उजाडले.

मोटारींचा काळ आला तेव्हा निलंगा निजामच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. १९३२ साली निजामच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवा काढली. अ‍ॅल्बियन या स्कॉटलंडच्या कारखान्याच्या गाड्या तिच्यात होत्या. स्कॉटलंडच्या कारखान्याचे चाक गावच्या सुताराने घडवावे, हे शक्यच नव्हते. चाकाचे माप सुताराच्या हातून निघून दूरच्या कारखान्याच्या नकाशात गेले, ते तेव्हापासून.

पुढे दुसरे महायुद्ध आले आणि त्यातून जीप आली. अमेरिकेच्या लष्कराने विलीज आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांकडून एकाच नकाशावर जीप बांधून घेतली. रणांगणावर एकीचे चाक काढून दुसरीला लावता यावे, ही त्यातली दूरदृष्टी. सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या अशा तयार झाल्या. आपल्या देशात महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. बंगालमधील उत्तरपाड्याहून अँबॅसेडर आली. १९५६ साली निलंगा बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात गेला. या साऱ्या काळात रस्त्यावर याच दोन-तीन जातींच्या गाड्या असल्यामुळे चाकाची चिंता कोणाला पडली नाही. एकीचे निघाले की दुसरीला बसे. पुढे फियाटची पद्मिनी बंद झाली आणि २०१४ साली अँबॅसेडरही थांबली. नकाशा ठेवणारा कारखानाच गेला, तर माप आता कोणी सांभाळायचे? मंडळी, ते गाडीच्या मालकानेच सांभाळायला हवे.

मापे फार नाहीत. पाचच आहेत.

पहिले माप भोकांचे. भोके किती, आणि त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास किती? मेस्त्री याला पीसीडी म्हणतात. चार भोके असली तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजले की झाले. पाच भोकांना समोरचे भोकच नसते! येथे शिक्षकांनी वर्गात हे गणित जरूर घालावे. लगतच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजा आणि त्याला १.७ ने गुणा, व्यास जवळजवळ बरोबर निघतो. जुन्या विलीज जीपमध्ये हे अंतर ८२ मिलिमीटर भरते आणि व्यास येतो १३९.७. हा विचित्र आकडा कुठला? साडेपाच इंचांना २५.४ ने गुणून पाहा. आपण १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे घेतली, पण चाकाच्या पोटात इंच तसाच लपून राहिला.

या मापात 'जवळपास' चालत नाही. पुष्कळ लहान मोटारींत चार भोके १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, तर फियाटच्या पुष्कळ गाड्यांत ९८ च्या. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, आणि नट जोर लावून आवळलेही जातात. पण चाक वाकडे बसते, खुंट्या ताणात राहतात आणि एखाद्या दिवशी तुटतात.

दुसरे माप मधल्या भोकाचे. ते लहान असेल तर चाक ड्रमवर बसणारच नाही. तिसरे माप रिमचे, म्हणजे तिचा व्यास आणि रुंदी. चौथे माप चाकाच्या बैठकीचे. चाक ड्रमला टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, हे पाहायचे. चाक फार आत गेले तर टायर आतल्या भागांना घासतो. फार बाहेर आले तर बेअरिंगवर भार येतो आणि स्टिअरिंग ओढू लागते. पाचवे माप नटाचे. त्याचे आटे कोणते, आणि त्याचे तोंड निमुळते आहे की गोलाकार? तोंड जुळले नाही तर नट घट्ट वाटतो, पण धरीत नाही. याखेरीज रिम आणि टायर गाडीचा भार पेलणारे हवेत, हे वेगळे सांगायला नको.

एक उदाहरण घेऊ. मारुती जिप्सीची पाच भोकेही १३९.७ च्याच वर्तुळावर असतात. म्हणून जुन्या विलीज जीपला जिप्सीचे चाक सुचते. पण पहिले माप जुळले म्हणून सगळे जुळले असे नव्हे. मधले भोक, बैठक आणि नट पाहिलेच पाहिजेत. शिवाय जीपचा मूळ ६.००-१६ चा टायर सुमारे ७१ सेंटिमीटर उंच, तर जिप्सीचा २०५/७० आर १५ हा सुमारे ६७. पहिला एका फेऱ्यात २ मीटर २३ सेंटिमीटर जातो, दुसरा २ मीटर १०. वेगाचा काटा फेरेच मोजतो. म्हणून तो शंभराला सहा जास्त दाखवील आणि गाडीही दोन सेंटिमीटर खाली बसेल. यासाठी चारही चाके एकदमच बदलावीत. एकच चाक लहान लावणे म्हणजे चाकोरी सोडलेली बैलगाडी!

जीपवाल्यांना आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. सवयीप्रमाणे फिरवलेत तर ते सैल होण्याऐवजी आवळतात, आणि जोर केला की खुंटी तुटते. दुसरे असे की लष्करी जीपच्या काही रिमा दोन भाग नटांनी जोडून केलेल्या असत. टायरमध्ये हवा असताना ते नट कधीही सोडू नका. रिमचे भाग उसळून जीव जाऊ शकतो.

आणि भोक मोठे करून किंवा नवे पाडून चाक बसवून देणारा भेटला, तर त्याला हात जोडा आणि पुढे चला. लातूर-निलंगा रस्त्यावर भरधाव जाताना चाक निघाले, तर ते तुमच्याच गाडीचा घात करून थांबत नाही. समोरून सायकलवर शाळेतून येणारे पोर असते. चाक बसवल्यावर पाचही नट चांदणी काढतो त्या क्रमाने, एक सोडून एक असे आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून पाहा.

तात्पर्य काय, तर जुन्या गाडीला चाक शोधणे म्हणजे दुकाने पालथी घालणे नव्हे, आकडे जुळवणे होय. गावच्या सुताराला आपल्या गाडीचे माप तोंडपाठ होते, कारण गाडी त्यानेच घडवलेली. आपली गाडी आपण घडवलेली नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर पट्टी घ्या, पाचही मापे काढा आणि वहीत लिहून वही गाडीतच ठेवा. मुलाला सोबत घ्या. त्याचे गणितही होईल, आणि उद्या तुम्ही नसताना ती गाडी चालवायची वेळ आली, तर चाकाचे माप सांगणारे घरात कोणीतरी असेल.