प्रत्येक शिवराई शिवकालीन नसते

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी ओसरू लागले, की भीमेच्या पात्रात बुडालेली जुनी गावठाणे पुन्हा दिसू लागतात. करमाळा तालुक्यातील कुगाव येथे जुन्या वाड्याच्या भिंती, तर पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे पुरातन मंदिर पाण्याबाहेर येते. 2024 च्या उन्हाळ्यात धरणातील साठा मृतसाठ्याच्याही बराच खाली गेला होता. त्या वेळी हे अवशेष पाहण्यासाठी दूरदूरहून लोक आले होते.

अशा गावठाणाच्या गाळात किंवा धरणामुळे विस्थापित झालेल्या एखाद्या कुटुंबाच्या देव्हाऱ्यात तांब्याचे जाड, वेडेवाकडे नाणे असू शकते. त्यावर ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे दिसली, की ते थेट शिवाजी महाराजांच्या काळातील ठरवले जाते आणि त्याप्रमाणे त्याचा भावही सांगितला जातो. मात्र, हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. नाणे अस्सल असते, पण ते पाडणारा हात वेगळा असतो.

नाव एक, टांकसाळी अनेक

6 जून 1674 रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही स्वराज्याची नाणी प्रचारात आली. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा देवनागरी मजकूर असतो. त्याभोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. त्या काळी दख्खनच्या बहुतेक नाण्यांवर फारसी मजकूर असे. हे लक्षात घेता, देवनागरीची ही निवड म्हणजे नव्या सत्तेची घोषणाच होती.

महाराजांचे निधन 1680 मध्ये झाले. शिवराई मात्र पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ पाडली जात राहिली. लोकांचा विश्वास त्या मजकुरावर बसला होता आणि तोच मजकूर असलेले नाणे बाजारात बिनबोभाट चालत होते. पेशवाईत टांकसाळी परवान्यावर खासगी व्यक्तींनाही चालवायला दिल्या जात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1899 मध्ये मराठी अमलातील चलन आणि टांकसाळी या विषयावर वाचलेल्या निबंधात या व्यवस्थेचा परामर्श घेतला आहे. ही नाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खेड्यापाड्यांच्या बाजारात फिरत होती.

केवळ नावावरून निर्णय करण्यात आणखी एक अडचण आहे. छत्रपतींच्या घराण्यात तीच नावे पुन्हा पुन्हा येतात. 1700 मध्ये ताराबाईंनी गादीवर बसवलेल्या पुत्राचे नाव शिवाजी होते. 1762 ते 1813 या काळात कोल्हापूरच्या गादीवर असलेले छत्रपतीही शिवाजीच होत. साताऱ्यास दोन शाहू होऊन गेले. संभाजी हे नाव रायगडावर होते, तसेच पुढे कोल्हापुरासही. शिवराईवर सहसा वर्ष नसते आणि टांकसाळीचे नावही नसते. त्यामुळे अक्षरे वाचता आली म्हणजे नाणे ओळखले, असे होत नाही.

काय पाहावे?

पहिली कसोटी वजनाची. आरंभीच्या पूर्ण शिवराईचे वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने तोळ्याच्या आसपास भरते. उत्तरकाळातील अनेक नाणी याहून हलकी आहेत. अर्थात झिजेमुळे वजन घटते. शिवाय अर्धी शिवराई आणि दुप्पट किमतीचा ढबू अशी नाणीही होती. म्हणून केवळ वजनावर निकाल देता येत नाही. ते सोनाराच्या काट्यावर अचूक करून इतर खुणांशी ताडून पाहावे लागते.

दुसरी कसोटी अक्षरांची. आरंभीच्या मानल्या जाणाऱ्या नाण्यांवर अक्षरे रेखीव आणि ठिपक्यांचे वर्तुळ सुबक असते. पुढे ठसे कोरणारे कारागीर बदलले, तसे अक्षरांचे वळणही बदलले. ‘शिव’ऐवजी ‘सिव’ किंवा ‘सीव’, ‘छत्रपति’ऐवजी ‘छत्रपती’ अशी रूपे आढळतात. ‘श्री’ची गाठ आणि ‘त्र’चे वळण तर जवळपास प्रत्येक ठशागणिक निराळे असते. अमेरिकन मिशनरी आणि मराठी संतवाङ्मयाचे अनुवादक जस्टिन अॅबट यांनी हजारो शिवराया तपासून अशा भेदांची पहिली पद्धतशीर नोंद केली. आजचे अभ्यासकही त्याच वाटेने जातात.

तिसरी खूण रेघांची. मजकुराच्या ओळींच्या मध्ये दोन समांतर आडव्या रेघा असतील, तर ती ‘दुदांडी’ शिवराई होय. हा प्रकार अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसाव्या शतकाचा आरंभ या काळातील आहे. दुदांडी नाणे राज्याभिषेकाच्या काळातील म्हणून विकले जात असेल, तर विक्रेता एक तर अजाण आहे किंवा ग्राहकाला अजाण समजतो आहे.

भीमाकाठची सरमिसळ

या पट्ट्यात शिवराईबरोबर इतर तांब्याची नाणीही मिळू शकतात, कारण येथे अनेक सत्तांचा वावर होता. इंदापूर परगणा भोसले घराण्याच्या जहागिरीत होता. पण त्या जहागिरीवर प्रथम निजामशाहीची आणि नंतर आदिलशाहीची सत्ता होती. पुढे मोगल आले. करमाळ्याचा भुईकोट किल्ला तर निजामाच्या पदरी असलेल्या रावरंभा निंबाळकरांचा.

सुलतानी आणि मोगल अमलातील तांब्याच्या नाण्यांवर फारसी-अरबी लिपीतील मजकूर असतो. झिजलेल्या नाण्यावर त्यातील वळणदार रेषा देवनागरी अक्षरांसारख्या भासू शकतात. अशा वेळी शिरोरेषा आणि ‘जा’, ‘छ’ यांसारखी ठळक अक्षरे शोधावीत. ईस्ट इंडिया कंपनीचा तराजूछाप पैसा वेगळा ओळखता येतो. मुंबई इलाख्यासाठी 1791 आणि 1794 मध्ये इंग्लंडमधील सोहो येथे यंत्रावर पाडलेल्या या पैशावर तराजू, वर्ष आणि फारसी लिपीत ‘अदल’ हा शब्द आहे. त्याचा घेर अगदी गोल असतो.

बनावट नाण्याची लक्षणे

शिवराई हाताने पाडली जाई. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर हातोडा मारीत. ठसा बहुधा नाण्यापेक्षा मोठा असे. म्हणून अस्सल नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच मावतो. एखादे अक्षर काठाबाहेर गेलेले असते. काठ असमान असतो आणि जाडीही सर्वत्र सारखी नसते. एखादे नाणे संपूर्ण गोल असेल आणि त्यावर प्रत्येक अक्षर नेमके मध्यभागी बसले असेल, तर संशय घ्यायला जागा आहे.

साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या काठावर जोडाची बारीक रेघ राहते किंवा ती कानसल्याच्या खुणा दिसतात. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांमुळे सूक्ष्म खड्डे पडतात आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. दोन नाण्यांवर तोच ओरखडा आणि तीच चीर त्याच जागी दिसली, तर ती एकाच नाण्यावरून ओतली आहेत असे समजावे. तांबे लोहचुंबकाला चिकटत नाही. नाणे चिकटले, तर पुढील तपासणीची गरजच उरत नाही.

घरातील जुने नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासून लखलखीत करण्याची पद्धत घातक आहे. त्यामुळे तांब्यावर वर्षानुवर्षे तयार झालेला थर निघून जातो, अक्षरांच्या कडा झिजतात आणि नाण्याच्या अस्सलपणाचा पुरावाही नाहीसा होतो. माती साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने हळुवार काढावी. त्यापलीकडे काही करू नये.

सापडले तर काय?

जमिनीत दडलेल्या धनाबाबत 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे असे धन सापडल्यास, ते कोठे आणि केव्हा मिळाले, याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शासनाने ते धन संपादन केल्यास मोबदल्याची तरतूदही याच कायद्यात आहे. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा विनापरवाना व्यापार करण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे. पाणलोट क्षेत्रातील संपादित जमीन शासनाच्या मालकीची आहे, हेही विसरता येणार नाही.

वारशाने आलेल्या नाण्याची नोंद ठेवणेही मोलाचे ठरते. दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, व्यास आणि ते कोणत्या गावातून आले, एवढे तरी लिहून ठेवावे. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांसारख्या संस्थांमधील नाण्यांशी ते ताडून पाहता येते.

उजनीच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत या नोंदीला अधिक अर्थ आहे. 1980 मध्ये धरण पूर्ण झाले आणि तेथील घरे, पेठा, पाणंदी दृष्टिआड झाल्या. त्या गावात कोणत्या टांकसाळीचा पैसा चालत होता, हे सांगणारे साधन आता अशा एखाद्या नाण्याखेरीज फारसे उरलेले नाही. गाव न नोंदवता विकलेली शिवराई म्हणजे केवळ काही ग्रॅम तांबे. तिच्याबरोबर गावाचे नाव राहिले, तर ती दुदांडी असली तरी इतिहासाचा पुरावा ठरते.