जुने यंत्र, नवे भाडे

जुने संगणक मिळवायचे, ते उघडून साफ करायचे, निकामी झालेले भाग बदलायचे आणि यंत्र पुन्हा चालते करायचे, हा छंद आपल्याकडे अजून थोडा विक्षिप्तपणाचाच मानला जातो. पण मुंबईत साठ वर्षांपूर्वी हेच काम रीतसर धंदा म्हणून चालत होते. काम करणाऱ्यांना त्याचा पगार मिळत होता, कंपनीला त्यातून भाडे मिळत होते आणि संसदेत त्यावरून ताशेरेही ओढले गेले. ज्या यंत्रावर हे काम झाले, त्याच जातीची दोन यंत्रे पुढे अमेरिकेत निवृत्त अभियंत्यांनी हौसेने जिवंत केली. या यंत्राचे नाव आयबीएम १४०१. या दोन दुरुस्त्यांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला, तर भारतातल्या संगणकाच्या सुरुवातीविषयी काही गोष्टी निराळ्या दिसू लागतात.

आयबीएमने १४०१ची घोषणा ५ ऑक्टोबर १९५९ रोजी केली. त्याआधीचे बहुतेक संगणक विद्यापीठे, लष्कर आणि फार मोठ्या कंपन्या यांच्यापुरते होते. मधल्या आकाराच्या कंपन्या, विमा कार्यालये आणि नगरपालिका पंच केलेली कार्डे आणि ती वाचणारी विद्युत-यांत्रिक यंत्रे यांवर हिशेब ठेवत. १४०१ या लोकांसाठी होता. भाडे महिना अडीच हजार डॉलरपासून सुरू होई. कार्डवाचक मिनिटाला ८०० कार्डे गिळत असे आणि १४०३ हा छापाई विभाग मिनिटाला ६०० ओळी छापत असे. खरे तर पुष्कळ गिऱ्हाइकांनी संगणकापेक्षा या छापाई विभागासाठीच यंत्र घेतले असावे, असे मला वाटते. बिले, पगारपत्रके आणि विम्याच्या नोटिसा यांचा डोंगर उपसायला गणिताच्या वेगापेक्षा छापण्याचा वेगच जास्त लागतो. १४०१ मालिकेची बारा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली. त्या काळात हा आकडा अफाट होता.

आतून हे यंत्र आजच्या संगणकापेक्षा फार वेगळे होते. ते दशमान पद्धतीने, एकेक अंक घेऊन, शाळेत शिकवतात तशी उजवीकडून डावीकडे बेरीज करी. स्मृती चुंबकीय कड्यांची होती. मोहरीएवढ्या फेराइटच्या कड्या बारीक तारांत ओवून त्यांची जाळी विणलेली असे. एका अक्षराला आठ कड्या लागत, त्यामुळे चार हजार अक्षरांच्या स्मृतीत ३२ हजार कड्या बसत. आज फोनवर आलेल्या एका शुभेच्छापत्राच्या चित्रालाही एवढी जागा पुरणार नाही. तर्काचे काम जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांकडे होते. पत्त्यांच्या पानांएवढ्या हजारो पट्ट्यांवर ते लावलेले असत. पट्टी बिघडली की ओढून काढायची आणि दुसरी खोचायची. या एका सोयीवर पुढच्या दोन्ही दुरुस्त्या उभ्या आहेत.

आता मुंबईकडे वळू. मुंबईत संगणक आला तो दोन वाटांनी. पहिली वाट संशोधनाची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने स्वतः संगणक बांधला. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची चुंबकीय स्मृती होती. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्राक’ असे नामकरण केले. दुसरी वाट व्यापाराची. १९६१ साली एस्सो स्टँडर्ड ईस्टर्न या तेल कंपनीने मुंबईत आयबीएम १४०१ बसवला. व्यापारी कामासाठीचा देशातला पहिला संगणक म्हणून त्याचा उल्लेख होतो. आपल्याकडे टिफ्राकविषयी अभिमानाने लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण देशातल्या बहुतेक लोकांची संगणकाशी पहिली गाठ पडली ती दुसऱ्या वाटेने, पगारपत्रक किंवा बिल छापणाऱ्या १४०१च्या रूपाने.

या यंत्रांतली पुष्कळशी नवी नव्हती. अमेरिकेत आणि युरोपात गिऱ्हाइकांनी परत केलेली यंत्रे आयबीएम भारतात आणत असे. ती इथे उघडून, साफ करून, भाग बदलून आणि तपासून भारतीय गिऱ्हाइकांना भाड्याने दिली जात. अमेरिकेत १९६४ साली सिस्टिम ३६० आल्यावर १४०१ची पिढी मागे पडली, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीने ते विक्रीतूनच काढून घेतले. भारतात मात्र त्याचा संसार पुढेही चालू राहिला. तिकडे ज्यांची किंमत फिटून गेली होती, ती यंत्रे इथे भाडे मिळवून देत होती. १९७०च्या दशकाच्या मध्यात संसदेच्या लोकलेखा समितीने याच व्यवहारावर कठोर टीका केली. पुढे परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे विदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणायची अट आली. आयबीएमला ती मान्य नव्हती आणि १९७८ साली कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. आयबीएमच्या यंत्रांची देखभाल सरकारी मालकीच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सीएमसीकडे आली.

ही कथा आपल्याकडे नेहमी दोनच बाजूंनी सांगितली जाते. एक तर ‘परदेशी कंपनीने मोडीत निघालेला माल आपल्या गळ्यात मारला’, नाही तर ‘सरकारने आयबीएमला हाकलून देशाचे नुकसान केले’. भाड्याविषयीची टीका मला रास्त वाटते. जुन्या यंत्राचे भाडे जुन्याच्या भावाने घ्यायला हवे होते. पण या दोन्ही बाजूंच्या गदारोळात मधला माणूस हरवला आहे. आलेले यंत्र उघडणारा, त्यातला प्रत्येक भाग हाताळणारा, दहा वर्षे घासलेला कार्डवाचक पुन्हा मिनिटाला ८०० कार्डांच्या वेगाला आणून ठेवणारा तो कारागीर. भारतातल्या संगणक-अभियांत्रिकीचा एक उगम या दुरुस्तीच्या बाकावर आहे. नवीन यंत्र बसवणाऱ्याला त्याचे आतले काम कळावे लागत नाही. जुने यंत्र पुन्हा उभे करणाऱ्याला ते कळावेच लागते. १९७८ नंतर आयबीएमचा आधार नसताना सीएमसीने ही यंत्रे चालू ठेवली, ती याच ज्ञानाच्या बळावर. या लोकांच्या कामाचा इतिहास टिफ्राकच्या इतिहासाइतक्याच आस्थेने लिहिला जायला हवा होता.

मग त्या १४०१ यंत्रांपैकी आपल्याकडे काय उरले, हा प्रश्न येतो. उत्तर समजण्यासाठी मालकी पाहावी लागते. भाड्याचे यंत्र गिऱ्हाइकाचे नसते. काम संपले की ते परत जाते आणि कंपनीच्या हिशेबातून वजा होते. ते जपण्यात कोणाचाच जीव गुंतलेला नसतो. अमेरिकेत चित्र वेगळे होते. तिथल्या सरकारशी झालेल्या १९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे आयबीएमला यंत्रे केवळ भाड्याने देण्याची मुभा उरली नाही, ती विकायलाही ठेवावी लागली. त्यातून जुन्या यंत्रांचा बाजार उभा राहिला आणि छोट्या माणसांना स्वतःचे १४०१ घेता आले. दुसरे कारण सोन्याचे. ट्रान्झिस्टरच्या त्या पट्ट्यांच्या खोचायच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असे. त्यामुळे यंत्राची भंगारातली किंमत त्याच्या इतिहासाच्या किमतीपेक्षा नेहमीच जास्त ठरली. जगभर जुन्या संगणकांचा सगळ्यात मोठा शत्रू गंज नव्हे, तर हे सोने आहे.

अमेरिकेतली दुसरी दुरुस्ती या मालकीच्या फरकातूनच शक्य झाली. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथे कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे. २००४ साली रॉबर्ट गार्नर यांच्या पुढाकाराने तिथे जर्मनीतल्या हाम गावाहून एक १४०१ आला. २००८ साली दुसरा मिळाला, तो कनेटिकट राज्यातल्या डेरियनहून. तो चक्क एका घराच्या तळघरात होता. घरगुती हिशेब-व्यवसायासाठी तो १९९५ पर्यंत वापरात होता. म्हणजे जग विंडोज ९५ विकत घेत होते, तेव्हा तळघरात कार्डे पंच होत होती. यंत्रे आली तरी चालती नव्हती. ती चालती करायला जमले ते बहुतेक निवृत्त आयबीएम अभियंते होते. तरुणपणी गिऱ्हाइकांच्या कार्यालयांत जाऊन हीच यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेली होती.

या कामात घाई चालत नाही. इतकी वर्षे बंद पडलेल्या यंत्राला थेट वीज दिली की त्यातले कपॅसिटर फुटतात. म्हणून आधी वीजपुरवठ्याचा विभाग सुटा करून तपासतात, आणि जुन्या कपॅसिटरांना थोडा थोडा दाब चढवत पुन्हा ‘शिकवतात’. जे शिकत नाहीत ते बदलतात. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर वयानुसार गळू लागतात, म्हणजे बंद असतानाही थोडी वीज सोडतात. दमट जागेत राहिलेल्या यंत्रात पट्ट्यांची टोके काळवंडतात. कार्डे ओढणाऱ्या रबरी चाकांचा चिकट लगदा झालेला असतो, ती नव्याने करून घ्यावी लागतात. सगळ्यांत वैताग देणारे दोष अधूनमधून उगवणारे. यंत्र गार असताना ठीक, तापल्यावर बिघडते, पुन्हा तपासायला गेले तर ठीक. असा एखादा दोष शोधण्यात आठवडेच्या आठवडे जातात.

जर्मन यंत्राची आणखी एक अडचण होती. ते युरोपच्या ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी बनलेले, आणि अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची. त्यासाठी विजेची वारंवारता बदलणारे वेगळे यंत्र लावावे लागले. भारतातली वीज ५० हर्ट्‌झची. म्हणजे मुंबईत चाललेले १४०१ आणि हामहून कॅलिफोर्नियाला गेलेले यंत्र या बाबतीत सख्खे भाऊ म्हणायचे.

दोन्ही यंत्रे चालू झाली आणि २०१३ साली प्रेक्षकांसाठी त्यांचे दालन उघडले. मग हौशी मंडळींनी त्यांच्यावर नाना प्रयोग केले. केन शिरिफ यांनी त्यावर मँडेलब्रॉट आकृती छापली, तिला १२ मिनिटे लागली. बिटकॉइनचे गणित करून पाहिले, तर एका प्रयत्नाला ८० सेकंद. हे प्रयोग पोरखेळ वाटतात, पण तसे नाहीत. यंत्राकडून काही तरी नवे करून घ्यायचे, तर ते नुसते शोभेपुरते दिवे लावून चालत नाही. प्रत्येक भाग खरोखर चालावा लागतो.

जुन्या संगणकांच्या जगात एक जुना वाद आहे: मूळ भाग जपायचे की यंत्र चालवायचे? इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारात या वादाची दोन टोके एकाच छताखाली दिसतात. एकीकडे १९५१चा हार्वेल डेकाट्रॉन. अडीच टनांचा हा संगणक वखारीत सुटा होऊन पडला होता. त्याचे बहुतेक मूळ भाग ठेवूनच २०१२ साली तो पुन्हा चालू झाला. दुसरीकडे युद्धकाळातला कोलॉसस. ती यंत्रे गुप्ततेसाठी मोडून टाकली गेली होती. टोनी सेल यांनी १९९३ पासून १९४५ची आठ छायाचित्रे आणि अभियंत्यांनी लपवून ठेवलेले आराखड्यांचे तुकडे यांवरून तो नव्याने बांधला. २००७ साली काम पूर्ण झाले. पहिले जतन आहे, दुसरी पुनर्रचना. मला दुसऱ्याचे मोल कमी वाटत नाही, कारण बांधताना जे कळते ते काचेमागच्या मूळ यंत्राकडे पाहून कळत नाही. मात्र पुनर्रचनेला निदान कागद लागतात.

यंत्र गेले तरी दुसरे काही उरू शकते, याचे एक सुंदर उदाहरण आइसलँडचे आहे. तिथे १९६४ साली १४०१ आला. त्याची देखभाल करणारे योहान गुन्नार्सन यांच्या लक्षात आले, की यंत्र चालताना त्यातून निघणाऱ्या लहरी साध्या रेडिओवर ऐकू येतात. त्यांनी त्या लहरींतून सूर काढणारे प्रोग्राम लिहिले. १९७१ साली यंत्र निवृत्त झाले, तेव्हा त्याला निरोप देताना ते संगीत वाजवले गेले. त्या संगीताच्या फिती घरात पडून राहिल्या. पुढे त्यांचा संगीतकार मुलगा योहान योहान्सन याने त्यांवरून वाद्यवृंदासाठी रचना केली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. रेकविकमधले ते यंत्र आता नाही, पण त्याचा आवाज आहे.

मुंबईतल्या यंत्रांचे असे काय उरले असेल, तर ते कपाटांत. देखभाल-पुस्तिका, प्रशिक्षणातल्या वह्या, दोषांच्या नोंदी, टाचणीने भोके पाडून दुरुस्त केलेली कार्डे, एखादी ‘आठवण म्हणून’ ठेवलेली पट्टी. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांनाही यंत्रापेक्षा जास्त उपयोग झाला तो तर्काच्या आराखड्यांच्या जुन्या बाडांचा आणि एकमेकांच्या स्मरणाचा. १९७०च्या सुमारास मुंबईत १४०१ उघडणारा तिशीतला अभियंता आज ऐंशीच्या पुढे आहे. कोणत्या देशातून आलेल्या यंत्रात काय बिघडलेले असे, मुंबईच्या पावसाळ्यात कार्डे फुगून वाचक अडकला तर काय करत, कुठला भाग इथेच बनवून घेत आणि कुठल्यासाठी महिनोन्‌महिने थांबत, हे लोकलेखा समितीच्या अहवालात सापडणार नाही. ते त्यांना विचारावे लागेल, आणि विचारताना त्यांच्या हातात एक पंच केलेले कार्ड द्यावे. भोके मोजत मोजत ते स्वतःच बोलू लागतील.