पटाच्या पलीकडे बसलेला माणूस

वाचकहो, रविवारी सकाळी आबिड्सच्या रस्त्याने चालत गेलात, तर बंद दुकानांसमोरच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग मांडलेले दिसतील. परीक्षेची पुस्तके, कादंबऱ्या, रद्दीतून आलेली मासिके, आणि त्यांच्या मधूनच डोकावणारे दुसऱ्या महायुद्धावरचे इंग्रजी ग्रंथ. त्यांत पॅसिफिक महासागरातील आरमारी युद्धावरचे एखादे पुस्तक हाती लागले, तर ‘हे आपल्याला कशाला’ असे म्हणून ते खाली ठेवू नका. ते युद्ध आपल्यापासून वाटते तितके दूर नव्हते. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाडा या तेलुगू किनाऱ्यावरच्या दोन बंदरांवर बाँब टाकले. आदल्याच दिवशी ॲडमिरल नागुमो यांच्या विमानवाहू नौकांनी कोलंबोवर हल्ला केला होता, आणि ९ एप्रिलला त्यांनी लंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडवली. त्या मोहिमेतील ‘अकागी’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ या तिन्ही नौका पुढच्या दोन महिन्यांत समुद्राच्या तळाशी गेल्या. त्या जेथे गेल्या, त्या मिडवेच्या लढाईची रंगीत तालीम आधी एका पटावर झाली होती. त्या पटाविषयी हा लेख आहे.

युद्धाचा पट मांडण्याची हौस आपल्याला नवी नाही. चतुरंगाच्या नावातच सेनेची चार अंगे आहेत. बंगालात तर बुद्धिबळाच्या कोपऱ्यातील मोहऱ्याला आजही नौका म्हणतात. पण बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना सगळा पट दिसतो. युद्धात तसे नसते. ही उणीव प्रशियाच्या राइसवित्झ पितापुत्रांनी भरून काढली. मुलाने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या खेळात दोन पक्ष, त्यांच्या मध्ये पंच, नकाशा आणि फासे होते. शत्रू जेवढा दिसू शकेल तेवढाच पंच दाखवी, आणि गोळी लागली की चुकली हे फाशावर ठरे. फाशाचा हेतू जुगाराचा नव्हता. चोख योजनेतही नशिबाचा वाटा असतो, हे सेनापतीच्या अंगवळणी पाडण्यासाठी तो होता.

हा खेळ समुद्रावर नेण्याचे मोठे काम अमेरिकेत न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात झाले. १८८४ मध्ये निघालेल्या या संस्थेत विल्यम मॅकार्टी लिटल या निवृत्त अधिकाऱ्याने युद्धखेळ रुजवला. पहिल्या महायुद्धानंतर तेथील दालनांत जमिनीवर चौकटी आखून त्यांवर छोटी जहाजे सरकवली जात. निळा पक्ष अमेरिकेचा, नारिंगी जपानचा. दोन्ही बाजूंना वर्गातलेच अधिकारी असत, पण नारिंगी बाजूच्या अधिकाऱ्याला जिंकण्याची पूर्ण मुभा होती. म्हणून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली : हवाईहून थेट फिलिपिन्सकडे धावत जाणारे आरमार तेथे पोचेपर्यंत खिळखिळे होते. वाटेत बेटे घ्यावी लागतील, तेल, दारूगोळा आणि दुरुस्तीची सोय बरोबर न्यावी लागेल, हे त्या जमिनीवर हरता हरता शिकले गेले. १९२२-२३ मध्ये तेथे शिकलेले चेस्टर निमित्झ पुढे पॅसिफिक आरमाराचे सेनापती झाले. युद्धातले जवळजवळ सगळेच आम्ही न्यूपोर्टला खेळून पाहिले होते, शेवटच्या पर्वातील कामिकाझे तेवढे अनपेक्षित होते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी युद्धानंतर काढले.

निमित्झ यांच्या उद्गारांत थोडी सढळ स्तुती आहे, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. ९ ऑगस्ट १९४२ च्या रात्री साव्हो बेटाजवळ जपानी जहाजांनी दोस्तांच्या चार क्रूझर बुडवल्या. अंधारात लढण्याचा जपानी सराव आणि त्यांच्या पाणतीरांचा लांब पल्ला न्यूपोर्टच्या पटावर आलाच नव्हता. नारिंगी पक्षाच्या खुर्चीत बसलेला माणूस जिवंत होता, मन लावून खेळत होता, पण होता अमेरिकनच. त्याला ठाऊक असलेली हत्यारे त्याने वापरली. समोर माणूस असणे ही झाली पहिली पायरी. त्याला आपल्याहून वेगळे काही ठाऊक असणे ही त्याच्या वरची.

जपानकडेही हुशार माणसांची वाण नव्हती. १९४० मध्ये स्थापन झालेल्या ‘समग्र युद्ध संशोधन संस्थे’त निरनिराळ्या खात्यांतले तरुण अधिकारी निवडून आणले होते. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक लुटुपुटीचे मंत्रिमंडळ बनवले आणि अमेरिकेशी युद्ध झाल्यास काय होईल याचा आकड्यांनिशी खेळ मांडला. निष्कर्ष पराभवाचा निघाला. ऑगस्टच्या अखेरीस तो पंतप्रधान कोनोए आणि युद्धमंत्री तोजो यांच्यापुढे ठेवण्यात आला. हा कागदावरचा अभ्यास आहे, प्रत्यक्ष युद्ध असे चालत नाही, अशी तोजो यांची प्रतिक्रिया होती. डिसेंबरात युद्ध सुरू झाले.

आता मिडवेच्या पटाकडे येऊ. मे १९४२ च्या पहिल्या आठवड्यात ‘यामातो’ या प्रचंड युद्धनौकेवर संयुक्त आरमाराचे अधिकारी जमले. खेळाचे प्रमुख होते यामामोतो यांचे चीफ ऑफ स्टाफ ॲडमिरल उगाकी. खेळता खेळता मिडवे बेटावरून उडालेल्या अमेरिकन विमानांनी नागुमो यांच्या नौका गाठल्या. पंचाचे काम पाहणाऱ्या ओकुमिया यांनी फासे टाकले : नऊ बाँब लागले, ‘अकागी’ आणि ‘कागा’ बुडाल्या. उगाकी यांनी निर्णय फिरवला. तीनच बाँब लागले, ‘कागा’ बुडाली, ‘अकागी’ला किरकोळ इजा. आणि ती बुडालेली ‘कागा’ही पुढच्या, फिजी-न्यू कॅलेडोनियाच्या खेळात पुन्हा तरंगताना दिसली! ओकुमिया आणि फुचिदा यांनी युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकामुळे ही हकिकत जगभर गेली.

ही गोष्ट सहसा ‘फासा खोटा पाडणाऱ्याची फजिती’ म्हणून सांगितली जाते. पण ४ जूनला काय घडले ते पाहा. मिडवे बेटावरून आलेल्या विमानांचा एकही बाँब वा पाणतीर जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. म्हणजे फाशापुरते बोलायचे तर उगाकी यांचा अंदाज ओकुमिया यांच्या फाशापेक्षा सत्याला जवळ होता. दोष दुसरीकडे होता. सगळी योजनाच असे धरून चालली होती की अमेरिकन विमानवाहू नौका पर्ल हार्बरला असतील आणि मिडवेवर हल्ला झाल्यावरच बाहेर पडतील. शत्रूने केव्हा उठावे आणि कोठे जावे, हे त्याच्या वतीने आपणच ठरवून टाकले होते. बाजूने अमेरिकन नौका आल्या तर काय कराल, असे उगाकी यांनी त्या बैठकीत विचारले होते. नागुमो यांच्या माणसांकडे धड उत्तर नव्हते. प्रश्न विचारला गेला आणि तसाच राहिला.

प्रत्यक्षातल्या प्रतिस्पर्ध्याने मात्र कोणाची परवानगी घेतली नाही. पर्ल हार्बरला जोसेफ रोशफोर्ट यांच्या तुकडीने जपानी सांकेतिक संदेश बऱ्याच अंशी उलगडले होते. जपान्यांनी बुडाली असे समजून सोडून दिलेली ‘यॉर्कटाउन’ तीन दिवसांत डागडुजी करून निघाली आणि ‘एंटरप्राइझ’ व ‘हॉर्नेट’ यांच्यासह मिडवेच्या ईशान्येला दबा धरून बसली. सकाळी दहाच्या सुमारास काही मिनिटांत ‘अकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ पेटल्या. ‘हिर्यू’ने ‘यॉर्कटाउन’ला जायबंदी केले, आणि संध्याकाळी तीही गेली. या वेळी बुडालेली ‘कागा’ परत आणणारा पंच नव्हता. चार नौकांबरोबर तीन हजारांच्या आसपास जपानी माणसे मेली.

हे युद्ध आज संगणकावर खेळता येते. गॅरी ग्रिग्सबी यांचा ‘वॉर इन द पॅसिफिक’ २००४ मध्ये निघाला आणि त्याची ‘ॲडमिरल्स एडिशन’ ही विस्तारित आवृत्ती २००९ मध्ये. नकाशात आपला हिंदुस्थानही आहे. एक डाव म्हणजे युद्धाचा एक दिवस. ७ डिसेंबर १९४१ पासून १५ ऑगस्ट १९४५ पर्यंत १३४७ दिवस होतात; दोन खेळाडूंनी रोज एकच डाव एकमेकांना पाठवला, तर खेळाला युद्धाइतकाच काळ लागतो. यंत्राशी खेळणे सोपे आहे. ते ठरावीक जागी ठरावीक चुका करते, आणि थोड्या दिवसांत आपण त्याच्या चुकांवर जगायला शिकतो. माणूस समोर असला की तो आपल्या चुकांवर जगतो. मिडवेचा इतिहास दोघांनाही पाठ असतो, म्हणून मिडवे घडत नाही. आणि आपला हव्यास, आळस, घाई मात्र चार-सहा महिन्यांत त्याच्या ध्यानात येते. हरलो तरी आपल्याविषयीची ही माहिती त्याच्याकडूनच मिळते.

आपल्या शहरालाही हा धडा परका नाही. १९४८ मध्ये येथे दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा कासिम रझवी करत होते. भारत सरकार बळ वापरणार नाही आणि बाहेरून कोणीतरी मदतीला येईल, या भरवशावर राज्यकारभार चालला होता. पलीकडच्या माणसाचा डाव येथेही आपल्याच इच्छेने लिहिला गेला होता. १३ सप्टेंबरला सुरू झालेली कारवाई १७ तारखेला निजामाच्या शरणागतीने संपली. त्या पाच दिवसांच्या आधी आणि नंतर खेड्यापाड्यांत जे झाले, त्याची किंमत मोजणारे हिंदू आणि मुसलमान दोघेही साधे लोक होते. पट मांडणाऱ्यांत त्यांच्यापैकी कोणी नव्हते.

इतिहास वाचणाऱ्यानेही हे जपावे. मराठवाड्याचा, निजामाचा किंवा पानिपतचा इतिहास वाचताना आपण बहुधा दोन्ही बाजू स्वतःच खेळतो, आणि आपलीच बाजू जिंकते. म्हणून पुढच्या रविवारी आबिड्सला पुस्तक निवडताना एक करून पाहा. ज्याच्याशी आपले पटत नाही, अशा बाजूच्या माणसाने लिहिलेले एक पुस्तक बरोबर घ्या, आणि वाचताना त्याचे फासे बदलू नका.