खोडदच्या जाळीत सापडलेल्या दीर्घिका

आजचा भाग एका दुर्बिणीवर आहे. तिच्यामुळे पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग बदलला, हे तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. रेल्वेचं शेवटी बोलू. आधी ही दुर्बीण तिथं बसून करते काय, ते बघू.

सुरुवात कल्याणची. 1965 साली तिथं 32 छोट्या डिश उभ्या राहिल्या. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, सहा-सहा फुटांच्या. गोविंद स्वरूप यांनी त्या भारतासाठी मिळवल्या आणि टीआयएफआरच्या त्यांच्या नव्या गटाने त्यांतून सूर्य बघायला सुरुवात केली. पुढे 1970 मध्ये उटीची दुर्बीण झाली आणि नव्वदच्या दशकात खोडद. एकेक डिश 45 मीटरची, अशा 30. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या सोळा वाय आकारात 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या.

एवढ्या मोठ्या डिश परवडल्या कशा? स्वरूप यांनी पत्रा वापरलाच नाही. ताणलेल्या दोरांवर बारीक स्टीलच्या तारेची जाळी बसवली. तार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. आणि मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना त्या जाळीची भोकं कळतही नाहीत, त्या आरशावर आपटल्यासारख्या परत फिरतात. इंजिनिअर म्हणून मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

जागा खोडदचीच का? डोंगरांचा आडोसा, पुणे जवळ, रेडिओचा गोंगाट कमी. शिवाय अक्षांश 19 च्या जवळचा, म्हणजे दक्षिणेचं आकाशही बरंच दिसतं. आपल्या बीडचा अक्षांशही जवळपास तोच. त्यामुळे खोडदच्या डोक्यावरून जाणारे तारे थोडे आधी आपल्या डोक्यावरून गेलेले असतात.

आता मुद्द्यावर. दीर्घिकांमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं, पण ते दिसत नाही. मग मोजायचं कसं? मोठा तारा फुटला की त्याच्या धक्क्यात कणांना प्रचंड वेग मिळतो. हेच विश्वकिरण. त्यांतले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गरगर फिरतात आणि फिरताना रेडिओ लहरी सोडतात. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. हे प्रारण कमी फ्रिक्वेन्सीला जास्त तेजस्वी असतं आणि गरम वायूची भेसळ तिथं कमी असते. खोडदची दुर्बीण नेमकी तिथं चांगलं ऐकते.

पुण्याच्या एनसीआरएमधल्या अरित्र बसू, दीपांजन मित्र, योगेश वाडदेकर आणि ईश्वर-चंद्र यांनी जवळच्या पाच दीर्घिका 333 मेगाहर्ट्झवर पाहिल्या. 2012 मध्ये शोधनिबंध आला. त्यांत एनजीसी 6946 होती, दोन कोटी प्रकाशवर्षांपलीकडची. 1917 ते 2017 या शंभर वर्षांत तिथं दहा तारे फुटताना दिसले, म्हणून तिला फटाक्यांची दीर्घिका म्हणतात. विश्वकिरणांचा कारखानाच म्हणा.

पुढच्या वर्षी बसू आणि सुभाशिष रॉय यांनी या पाचही दीर्घिकांच्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे दिले. सरासरी सुमारे 11 मायक्रोगॉस, केंद्राजवळ 20 ते 25, बाहेर 10 च्या आसपास. आपल्या पायाखालचं पृथ्वीचं क्षेत्र याच्या तीस-चाळीस हजार पट. दुबळं वाटतं ना? पण हे दुबळं क्षेत्र हजारो प्रकाशवर्षं पसरलेलं आहे, आणि वायूच्या ढवळण्यात जेवढी ऊर्जा असते तिच्या तोडीची ऊर्जा त्यात असते. नवे तारे कसे बनतात याचं सिम्युलेशन चालवायचं तर हे क्षेत्र शून्य धरून चालत नाही.

इथं एक अडचण आहे. रेडिओ लहरींवरून क्षेत्र काढताना एक गृहीत धरावं लागतं, की विश्वकिरणांची ऊर्जा आणि क्षेत्राची ऊर्जा साधारण सारखी आहे. इलेक्ट्रॉन जन्मले तिथंच राहत असते तर प्रश्न नव्हता. पण समजा, जानेवारीत वडवणीच्या एखाद्या तांड्यावर शिरगणती केली. अर्धी घरं कुलूपबंद. माणसं ऊसतोडीला गेलेली. गावात किती लोक आहेत, हे त्या आकड्यावरून ठरवलं तर चूक होणार, आणि कारखान्याच्या फडावर मोजलं तरी चूकच.

याच गटाला इलेक्ट्रॉनचंही तसंच आढळलं. तारे जन्मतात ती धूळ तापून अवरक्त प्रकाश देते, म्हणून धुळीचा नकाशा म्हणजे जन्मगावाचा नकाशा. तो रेडिओच्या नकाशाशी ताडून पाहिला. सर्पिल भुजांमध्ये दोन्ही छान जुळले. भुजांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात, कमी फ्रिक्वेन्सीला, नातं बिघडलं. कारण कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सुमारे दहा कोटी वर्षं टिकतात आणि तेवढ्यात भुजा सोडून लांब जातात. म्हणजे तिथं धुळीच्या मानाने रेडिओ जास्त दिसला, तो स्थलांतरितांचा आवाज होता.

हाच प्रश्न आपल्याच आकाशगंगेत पुण्याची आयुका दुसऱ्या बाजूने सोडवते आहे. धुळीचे लांबट कण चुंबकीय रेषांना आडवे उभे राहतात आणि मागून येणारा ताऱ्याचा प्रकाश थोडा ध्रुवित होतो, हे 1949 पासून माहीत आहे. ते ध्रुवीकरण मोठ्या आकाशभर मोजणारं वॉलॉप हे उपकरण आयुकात ए. एन. रामप्रकाश यांच्या गटाने विकसित केलं. एक दक्षिण आफ्रिकेसाठी, एक ग्रीसच्या क्रीट बेटासाठी.

आता रेल्वे. विद्युत रेल्वेच्या ठिणग्यांचा रेडिओ गोंगाट दीर्घिकेच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो. नारायणगावकडून जाणारा जुना मार्ग केंद्राने जीएमआरटीमुळे बाजूला ठेवला, नवा मार्ग अहिल्यानगर–शिर्डीकडून आखला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरचे लोक चिडले, आणि बीडचा माणूस म्हणून मला तो राग कळतो. आपली अहिल्यानगर–बीड–परळी लाइन 1995 मध्ये मंजूर झाली आणि बीडला पहिली गाडी 17 सप्टेंबर 2025 ला आली. तरीही माझं मत दुर्बिणीच्या बाजूने आहे. रूळ पन्नास किलोमीटर सरकवता येतो, तीस डिश आणि तो डोंगरांचा आडोसा सरकवता येत नाही. मात्र त्याची किंमत तिथल्या शेतकऱ्यानेच भरायची का, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं, आणि ते अजून नीट दिलेलं नाही.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला लोकांसाठी प्रदर्शन असतं. गेलात तर फोन बंद ठेवा.