वंशावळ कोणाची लिहिली जाते?

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये एकच धावपळ सुरू होते. जात प्रमाणपत्र, मग पडताळणी, आणि पडताळणीसाठी वंशावळीचे शपथपत्र. अर्जदार, वडील, आजोबा, पणजोबा. अनुसूचित जातीसाठी पुरावा हवा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबांनी नागपुरात जी जात टाकून दिली, तीच त्यांच्या नावापुढे लिहिलेली असल्याचा कागद आता नातवाने शोधून आणायचा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, पण हे ओझे काही उतरले नाही.

पुतण्याच्या फाईलसाठी मी कोतवाल बुकाची नक्कल काढली. आजोबांच्या जन्माची नोंद सापडली, फक्त त्यात आजोबा नव्हते. पणजोबांचे नाव, वल्द त्यांच्या बापाचे नाव, पुढे 'महार', आणि शेवटी 'मुलगा'. बारसे व्हायच्या आधीच नोंद झाली असेल, हे कळते. पण आडनावही नाही. जिथे आडनाव असायला हवे, तिथे जात बसली आहे.

मित्रांनो, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. वंशावळ नेमकी कोणाची लिहिली जाते?

आपल्या नागपूरचेच पाहा. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पोटी मुलगा नव्हता, आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. औरस कोण, दत्तक कोण, हक्क कोणाचा, यावर किती कागद खर्ची पडला! राज्य गेले, पण घराण्याची वंशावळ मात्र पक्की झाली. राजांचे सोडा. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावांचे मालक करून टाकले. मालकी आली की वारस आले, वाटण्या आल्या, दत्तकाचे दावे आले, आणि प्रत्येक दाव्याला वंशवृक्ष जोडावा लागला. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तरी त्या घरांना आपला सातवा पूर्वज आजही ठाऊक असतो. यात रक्ताची थोरवी नाही. जमिनीच्या कागदाला नावांची गरज असते, एवढेच. (विदर्भात थोडेफार महार मालगुजारही होते. त्यांच्या घरच्या वंशावळी सापडतात, हा माझ्या म्हणण्याला आणखी एक पुरावा.)

आता थोडे अमेरिकेकडे वळू. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतले साम्य मांडले होते, तेव्हा ही तुलना आपल्याला नवी नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमजवळ स्टॅगव्हिल नावाची जागा आहे. तिथले मळे बेनेहान आणि कॅमरन या घराण्यांचे. कॅमरन मूळचे स्कॉटलंडचे. धर्मोपदेशक जॉन कॅमरन तिकडून व्हर्जिनियात आले, त्यांचा मुलगा डंकन याने १८०३ मध्ये रिबेका बेनेहानशी लग्न केले, आणि नातू पॉलच्या काळात, १८६० च्या सुमारास, सुमारे ३०,००० एकर जमीन आणि ९०० च्या आसपास गुलाम या एका घराण्याकडे होते. या कॅमरनांची वंशावळ मागाल तेवढी मिळते. पत्रे, मृत्युपत्रे, हिशेब, सगळे चॅपल हिल इथल्या विद्यापीठात जपून ठेवले आहे.

आणि ते ९०० लोक? १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचे नाव, आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामांची नावे नाहीत. नावानिशी नोंद झाली ती थेट १८७० मध्ये, मुक्तीनंतर. आजही कृष्णवर्णीय कुटुंबे आपले पूर्वज शोधत मागे जातात आणि बहुतेकदा याच १८७० च्या भिंतीवर आपटतात. ती भिंत ओलांडायची तर रस्ता एकच, मालकाची वही. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने तेच केले. १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने कॅमरनांच्या मळ्यासह अनेक मळ्यांवरच्या नोंदी एकमेकींना जोडल्या आणि दाखवले की ज्यांची विक्री कधीही होऊ शकत होती, ती माणसेही मुलांना बापाचे, आज्याचे नाव ठेवत होती. मालक मालमत्ता मोजत होता. त्याच्या वहीत गुलाम आपले घराणे टिकवत होते.

इथे आपल्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की गुलामाला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी होता. अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. हेच वहीलाही लागू होते. कॅमरनच्या मळ्यावर मूल जन्मले की मालमत्ता वाढली, म्हणून नोंद झाली. मालगुजाराच्या गावात महाराच्या घरी मूल जन्मले तर मालगुजाराने ते कशाला लिहावे? वेठीला माणूस फुकटच मिळत होता, विकत थोडाच घ्यायचा होता! मालमत्ता म्हणून का होईना, आपण कोणाच्या वहीत नव्हतो. आपल्याला लिहिले ते सरकारी कोतवाल बुकाने, आणि तेही मृत्युदर काढण्यासाठी.

आणि ते बुक कोणाच्या पायांवर चालत होते? आपल्या भागात अनेक गावांत कोतवाल महारच. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे त्याने ठाण्यात जाऊन सांगायचे आणि तिथे ते लिहिले जायचे. मालगुजाराच्या नातवाचा जन्मसुद्धा त्याच्याच तोंडून कागदावर चढला. ज्याला शिवत नव्हते, त्याच्या शब्दावर अख्ख्या गावाची वंशावळ उभी आहे. आज इतर समाजही आपल्या जुन्या नोंदींसाठी हीच कोतवाल बुके चाळत आहेत. चाळू द्या. फक्त ती बुके कोणी वाहिली, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

दुसरा फरक आईचा. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. पुढे दक्षिणेत सगळीकडे हाच नियम झाला. मालकानेच गुलाम स्त्रीवर अत्याचार केला तरी होणारे मूल त्याचा वारस नाही, त्याची मालमत्ता! म्हणून मळ्यांच्या वह्यांत अनेकदा आई दिसते, बाप दिसत नाही. आपल्याकडे जात बापाकडून मोजतात, म्हणून बुकात बाप दिसतो आणि आई गायब. दोन देश, दोन उलटे नियम, आणि दोन्हीकडे काम एकच: वरच्याची मालकी शाबूत ठेवणे. आईने एकटीने वाढवलेल्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी आजही काय सोसावे लागते ते आपण पाहतोच. रमेशभाई नाईका प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आंतरजातीय विवाहात मुलाची जात बापाचीच असे डोळे झाकून धरता येणार नाही. तरी टेबलावरचा बाबू पहिल्यांदा बापाचाच कागद मागतो.

आपल्या बायकांची नावे कागदावर आली ती शाळेच्या हजेरीपटामुळे. किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात मुलींची शाळा काढली, पुढे जाईबाई चौधरींनी. बाबासाहेबांचे नावही ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात चढले, 'भिवा रामजी आंबेडकर' असे. सरंजामाच्या सनदा त्यांना. आपल्याला दाखल-खारीज रजिस्टर.

म्हणून अलीकडे व्हॉट्सॲपवर आडनावावरून थेट एखाद्या राजवंशाशी नाते जोडणारी जी चित्रे फिरतात, ती पाहून वाईट वाटते. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नाग लोकांचा वारसा सांगितला, तो बुद्धधम्माचा प्रसार करणाऱ्या लोकांचा वारसा म्हणून. अमुक आडनावाचे अमुक राजे, असा नव्हे. मालगुजाराच्या दिवाणखान्यातल्या चौकटीत आपला फोटो बसवून काय मिळणार? वसंत मून यांनी 'वस्ती' लिहिले तेव्हा एका राजाला शोधत बसले नाहीत. वस्तीतली माणसे लिहिली. खरी वंशावळ ती.

पुतण्याची फाईल जमा झाली. शपथपत्रात चार पिढ्यांचे पुरुष आहेत. घरी मी दुसरा कागद केला, बायकांचा. आई, आजी लिहिल्या. पणजीपाशी येऊन अडलो. आत्या ऐंशीच्या पुढे आहे, तिलाही नाव आठवत नाही. सगळे तिला माहेरच्या गावावरून हाक मारायचे म्हणे. त्या रकान्यात सध्या 'उमरेडवाली' एवढेच लिहून ठेवले आहे.