रिपोर्ट साफ, दुखणे कायम
गोदाघाटाच्या पायऱ्यांवरचा बुळबुळीत थर नाशिककरांच्या ओळखीचा. त्यात शेवाळासोबत जिवाणूंचीही वस्ती असते. तशी वस्ती शरीराच्या आतही होते.

1962 साली अमेरिकेत, ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे यांच्या छातीत सिलिकॉनचे पहिले स्तन-इम्प्लांट बसवले गेले. पुढे कित्येक बायकांच्या इम्प्लांटभोवतीचे वेष्टन आवळून कडक झाले, दुखू लागले. त्यांत कॅन्सरमुळे स्तन गमावलेल्याही होत्या. ताप नाही, पू नाही, रिपोर्ट साफ. मग बाईचे ऐकतो कोण? त्यामागचे एक कारण नंतर उलगडले. त्वचेवरचा साधा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आत शिरून चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, तयार करतो. तिथे अँटिबायोटिकची मात्रा फारशी चालत नाही. काढलेले इम्प्लांट ध्वनिलहरींनी हलवून थर सुटा केला, तेव्हा कुठे अनेकदा जंतू हाती लागले.