कणगीची राखण, गोधडीवरचे पंजे

मांजर निवांत झाले की गोधडीवर बसून पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीने दाबू लागते, कणीक मळावी तसे. डोळे अर्धवट मिटलेले, घशात घुरघुर. या सवयीची सुरुवात आईच्या कुशीत होते. मोठेपणीही ती टिकली, याला मात्र धान्य साठवणारा माणूस कारण असावा. वऱ्हाडात पूर्णा नदीकाठच्या संग्रामपूर तालुक्यासारख्या ज्वारीच्या मुलखात हा इतिहास चांगला उलगडतो.

मांजराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे बंद असतात; उघडायला आठ-दहा दिवस लागतात. पण त्या दिवसांतही आईच्या आचळांभोवती पंजे दाबणे त्याला उपजत येते. त्या दाबाने पान्हा सुटतो. शिवाय पंजाच्या बोटांमध्ये गंधग्रंथी असतात, त्यामुळे दाबलेल्या जागेला पिल्लाचा स्वतःचा वास लागतो. रानातले मांजर मोठे झाले की आईपासून सुटते आणि एकटे राहते. घरातल्या मांजराला ऊब, अन्न आणि कूस जन्मभर मिळते, म्हणून त्याच्यातले पिल्लूपण संपत नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. मांजर माणसाशी बरेचसे आईशी वागावे तसे वागते, असे ब्रिटिश संशोधक जॉन ब्रॅडशॉ यांनी ‘कॅट सेन्स’ या २०१३च्या पुस्तकात मांडले आहे.

ही कूस त्याला मिळाली ती धान्यामुळे.

माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला. २००४ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. २००७ मधल्या जनुकीय अभ्यासाने जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजराच्या एका उपजातीपर्यंत नेले. संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. तिकडे दिसणारे आपले रानमांजर ही वेगळी जात. ते शेताच्या बांधापर्यंत येते, पण कुशीत कधी आले नाही. घरचे मांजर माणसांच्या सोबतीने, व्यापाराच्या वाटांनी पसरत गेले. भारतीय उपखंडातली मांजराच्या पावलाची एक जुनी खूण सिंधमधल्या चन्हुदडोला आहे. अर्नेस्ट मॅके यांच्या १९३५-३६ च्या उत्खननात तिथे एक वीट मिळाली. वीट ओली असताना तिच्यावरून मांजर गेले, मागून कुत्रा गेला, आणि दोघांची पावले चार हजारांहून अधिक वर्षे मातीत राहिली.

संग्रामपूर तालुक्यातली वस्तीही जुनी आहे. पूर्णेच्या काठी भोन गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात विटांचा बौद्ध स्तूप आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथे भरले गाव नांदत होते. पुढच्या काळात या भागाची ओळख ज्वारी आणि कापूस अशी झाली. वर्षाची ज्वारी घरातच राहायची: शेणामातीने लिंपलेल्या कणगीत, नाहीतर गावच्या पांढरीत खणलेल्या पेवात. अशा घराला मांजर लागायचेच. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, ही समजूत घरोघरी होती. व्याली की मांजर पिलांना सात घरे फिरवते, असेही म्हणत. मांजर आडवे गेल्यावर अपशकुन मानणारा समाज त्याला मारायला मात्र धजत नव्हता.

या सोबतीची परीक्षा प्लेगने घेतली. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या धान्यगोदामांच्या वस्तीत साथ उघडकीस आली आणि पुढे वऱ्हाडातही पसरली. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये मांडले.  वऱ्हाडातल्याच अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची मोजणी करवली. ज्या गावांत घरांच्या मानाने मांजरे भरपूर, ती गावे प्लेगपासून वाचतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो छापून आला. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे आज माहीत आहे. त्यामुळे तो उपाय पुरा नव्हता. तरीही वऱ्हाडातल्या साध्या घरांची मांजरे एका वैद्यकीय प्रश्नाच्या केंद्रस्थानी आली, ही मोलाची नोंद आहे.

आता पेवे बुजली. कापूस, सोयाबीन, तूर शेतातून थेट बाजार समितीत जाते, खायचे धान्य पत्र्याच्या कोठीत राहते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावू शकते. राखणीचे काम कमी झाले, पण मांजराचे वागणे बदलले नाही. माणसाच्या मांडीवर ते आजही पान्हा सोडवणारे पंजे दाबते.

म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात. पिल्लू निदान आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. आणि घरात वा गोठ्यात उंदरांचे विष ठेवायची वेळ आली, तर आधी सापळा लावून पाहावा. विष ठेवलेच, तर मेलेले उंदीर रोज शोधून पुरावेत.